घोडीचा विमा होता तरी पैसे खिशातनंच गेले, माझा अनुभव

आमची नागावच्या किनाऱ्यावर दोन घोडी आहेत. मोठी पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय आणि कपाळ पांढरं असलेली, सारंगखेड्याच्या बाजारातनं आणलेली, तिचा विमा पहिल्यापासून होता त्यामुळे मी निर्धास्त होतो. गेल्या दिवाळीत ऐन गर्दीत बाजूनं वाळूतली बाईक जोरात गेली, घोडी बुजली आणि वरचं आठ-नऊ वर्षांचं पोरगं पडलं, मनगट मोडलं. मी लगेच त्याला अलिबागला नेलं, आईवडलांना म्हटलं चूक माझीच, आणि एक्सरे प्लॅस्टर धरून 18 हजार भरले.

मग पॉलिसी घेऊन विम्याच्या ऑफिसात गेलो तर साहेब म्हणाले, अहो ही घोडी मेली तर पैसे देणारी पॉलिसी आहे, तिच्यामुळे दुसऱ्याला लागलं तर त्याला पब्लिक लायबिलिटी वेगळी लागते. मोटारीला थर्ड पार्टी सक्तीची असते, घोडागाडी मोटार वाहनात येतच नाही म्हणून आपल्याला कोणी विचारत नाही, पण जबाबदारी सुटत नाही. वकिलांनी सांगितलं की जनावराबाबत हयगय केली तर भारतीय न्याय संहितेचं कलम 291 लागतं, 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 पर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि नुकसानभरपाईचा दावा वेगळा. "स्वतःच्या जबाबदारीवर बसावे" असा बोर्ड लावून आपली हयगय काही झाकली जात नाही.

मग ही पब्लिक लायबिलिटी पॉलिसी मागायला गेलो तर दोन ऑफिसांनी सरळ नाही म्हटलं, तिसरीकडे जमलं. सरकारी पशुवैद्यकीय डॉक्टरांचा दाखला, चारही बाजूंनी फोटो, रंग, उंची, कपाळावरचा टिळा, भोवरे कुठे कुठे आहेत ते सगळं लिहून दिलं, बाजारातली खरेदीची पावती जपून ठेवली होती ती किमतीसाठी कामी आली.

या पॉलिसीतली एक अट नीट वाचा. अपघात झाला की लगेच कळवायचं, आणि कंपनीला न विचारता चूक कबूल करायची नाही की पैशाचा शब्द द्यायचा नाही. म्हणजे मी दिवाळीत जे केलं त्यानं कव्हर असतं तरी क्लेम अडकला असता. मला हे पचायला जड गेलं, समोर पोर कळवळतंय आणि आपण गप्प बसायचं? साहेब म्हणाले, दवाखान्यात न्या, ते करायचंच, फक्त पैशाचं बोलायच्या आधी आम्हाला फोन करा.

आता किनाऱ्यावरचे आम्ही सातजण मिळून अर्ज करतोय. दोघांकडे खरेदीची पावतीच नाही, त्यांच्या घोड्यांची किंमत डॉक्टरांकडनं लिहून घ्यायचं चाललंय.