बी.ई. (अपिअर्ड)

माझ्या लग्नाच्या बायोडेटावर मामानं परस्पर 'बी.ई. (अपिअर्ड)' असं छापून आणलं होतं. खोटं नव्हतं ते. परीक्षेला मी बसलो होतोच, एकाच विषयाच्या परीक्षेला पाच वेळा. पहिल्या वर्षाचा एम-टू, म्हणजे गणिताचा दुसरा पेपर, सुटेना, म्हणून तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळेना. शेवटी २०१४ च्या दिवाळीत सांगलीतली खोली रिकामी करून तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावी परत आलो. द्राक्षबागेची ऑक्टोबर छाटणी नुकतीच झाली होती. तात्या एका शब्दानं बोलले नाहीत. औषध मारायचा पंप तेवढा माझ्या पाठीवर दिला. बोलले असते तर बरं झालं असतं.

आज मी एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो, घर सांगलीत, टीम पुण्यात. 'डिग्री नसताना कसं काय जमलं?' असं विचारणारी गावाकडची पोरं अधूनमधून भेटतात. त्यांना 'स्किल महत्त्वाचं, डिग्री नाही' हे ऐकायचं असतं. मला वेगळंच सांगावंसं वाटतं, कारण माझी गाडी स्किलपाशी फार अडली नाही. ती अडली कागदापाशी, आणि तो कागद पदवीचा नव्हता.

२०१५ मध्ये सांगलीत टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या एका दुकानात लागलो. पगार सहा हजार, पाकिटात, रोख. काम म्हणजे दुचाकीवरून गिऱ्हाइकांकडे जायचं: कुठं टॅली उघडत नाही, कुठं प्रिंटर रुसलाय. यातली निम्मी गिऱ्हाइकं मार्केट यार्डातली. हळदीचे सौदे संपले की पेढीवरचे दिवाणजी शेतकऱ्यांच्या पट्ट्या लिहायला बसायचे. वजन, दर, रक्कम, मग वजा हमाली, वजा तोलाई, वजा उचल, आणि खाली निव्वळ देणं. टॅलीतून ही पट्टी अशी निघत नसे. म्हणून सगळं एकदा संगणकात आणि एकदा हातानं, अशी दुहेरी मजुरी चालायची.

एका दिवाणजींनी मला सरळच विचारलं, "बाळ, एवढं कॉम्प्युटरचं शिकलायस, मग ही पट्टी त्यातनं का निघत नाही?"

एवढं शिकलायस! मी त्या रात्री टीडीएल शोधून वाचायला घेतलं. टॅलीत आपल्याला हवे ते बदल करायची ही टॅलीचीच भाषा. नेहमीच्या प्रोग्रॅमसारखं 'आधी हे कर, मग ते कर' असं तिच्यात फारसं नसतं. हा फॉर्म, त्यात हा भाग, त्या भागात ही ओळ, ओळीत हे रकाने, असं नुसतं वर्णन करत जायचं. मूळ फॉर्मच्या नावाआधी हॅशचं चिन्ह लावलं की तो नवा न बनता आहे त्यातच बदल होतो. हे एवढं कळायला मला आठवडा लागला. पट्टी जमायला दीड महिना. पहिली छापली तेव्हा निव्वळ रक्कम पुढच्या पानावर गेली, आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटरनं त्यासाठी अख्खं कोरं पान ओढलं. दिवाणजी म्हणाले, "शेतकरी रक्कमच बघतो, बाकीचं नाही वाचत." तिसऱ्या दिवशी पट्टी एका पानात बसली आणि त्या पेढीवर मला पहिल्यांदा चहाबरोबर खारी मिळाली.

मग १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. त्या महिन्यात आमचा फोन खाली ठेवता येत नव्हता. पण त्याच धावपळीत सीए लोकांच्या ओळखी झाल्या. त्यांतले एक सीए साहेब मला म्हणाले, "कर लागत नसला तरी दरवर्षी इन्कम टॅक्सचं रिटर्न भरत जा." मी म्हटलं, सर, माझं उत्पन्न ते काय! तरीही त्यांनी माझं रिटर्न स्वतः भरून दिलं आणि फी घेतली नाही. मला ते सगळं हौसेचं काम वाटलं होतं.

ऑगस्ट २०१९ चा महापूर सांगलीकराला सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ च्या वर गेलं. पाणी ओसरल्यावर गावभागातल्या दुकानांमधून चिखलानं भरलेले सीपीयू आमच्याकडे पोत्यातून येत होते. हार्ड डिस्क काढायची, पुसायची, वाळवायची, आणि आत दहा हजारच्या पुढचा पाच आकडी फोल्डर दिसतोय का बघायचं. तेव्हाच्या टॅलीत एकेका कंपनीचा डेटा अशा फोल्डरात असायचा. काही सापडले, बरेचसे नाही. त्यानंतर मी पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला लागलो ते बॅकअप आपोआप बाहेर पाठवता यावा म्हणून. पुढं कळलं की टॅली ९००० नंबरच्या पोर्टवर, म्हणजे संगणकाच्या एका ठरावीक दारावर, ऐकत बसू शकते, आणि तिला एक्सएमएलमध्ये (माहिती खुणांमध्ये मांडायची एक पद्धत) प्रश्न पाठवला की एक्सएमएलमध्येच उत्तर देते. हे कळल्यावर मी हरखून गेलो. बाहेरून विचारलं तर टॅली बोलते! मग कुठल्या व्यापाऱ्याकडे किती येणं बाकी आहे, याची यादी रोज संध्याकाळी मालकाला मेलवर जाईल असं काहीबाही करत राहिलो.

त्याच वर्षी दुचाकीच्या कर्जासाठी बँकेनं पगाराचा पुरावा मागितला, म्हणून मालकांना विनंती करून पगार खात्यावर घ्यायला सुरुवात केली. हेही लक्षात ठेवा.

नोकरीच्या खटपटीला लागलो ते २०२१ मध्ये. ऑनलाइन अर्जातल्या पदवीच्या रकान्याला लाल तारा असायचा आणि यादी बी.ए. पासून सुरू व्हायची. बारावी नावाची गोष्ट जगात नाहीच. 'इतर' निवडून केलेल्या अर्जांना उत्तर कधी आलं नाही. पुण्यात एका ठिकाणी ओळखीतून मुलाखत मिळाली, तिथं लिंक्ड लिस्ट, म्हणजे साखळीसारखी एकमेकांना जोडलेली यादी, प्रोग्रॅम लिहून उलटी करायला सांगितली. लिंक्ड लिस्ट हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. समोरचे सज्जन होते, पाणी दिलं आणि घालवलं. बाहेर येऊन चिडलो, पण दोष त्यांचा नव्हता. इंजिनिअरिंगला बसलेल्या पोराला हे दुसऱ्या वर्षातच भेटतं, माझं दुसरं वर्ष एम-टूच्या नादात गेलेलं. पुढचे चार महिने रात्री तेच केलं.

मधल्या काळात एक एजंटही भेटला. चाळीस हजारांत मागच्या तारखेची पदवी, गुणपत्रिकांसकट. मोह झाला नाही असं म्हणणार नाही. पैसे नव्हते, हे खरं कारण.

दार उघडलं ते एका चुकीमुळं, आणि चूक माझी नव्हती. आमचे तेच सीए साहेब टॅलीतला डेटा ओढून अहवाल बनवणारं एक सॉफ्टवेअर वापरायचे. त्यात एका व्यापाऱ्याची येणी तिप्पट दिसत होती. मी बघितलं तर ज्या बिलात तीन माल होते तेच बिल तिप्पट झालेलं. बिलांचा तक्ता मालाच्या ओळींच्या तक्त्याला जोडला की बिलाची रक्कम प्रत्येक ओळीसमोर पुन्हा येते. त्यावर बेरीज मारली की झालं. पट्टी बनवताना मी स्वतः हाच घोळ घातला होता. हमाली चार पोत्यांना चारदा वजा झाली होती आणि दिवाणजींनी मला तासभर ऐकवलं होतं. मी कंपनीला स्क्रीनशॉटसकट सविस्तर मेल लिहिला. दोन दिवसांनी त्यांच्या टीम लीडचा फोन आला. चुकीबद्दल दहा मिनिटं बोलले, मग विचारलं, "तुम्ही काय करता?"

मुलाखती तीन झाल्या. एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा), पायथॉन, आणि टॅलीच्या एक्सएमएलवर पाऊण तास. पदवीचं मी पहिल्याच फोनवर सांगून टाकलं होतं. ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्यांना ई-इनव्हॉइस, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवणं, लागू झालेलं, म्हणून कंपनीला टॅली आतून माहीत असलेला माणूस हवा होता. माझं नशीब म्हणा.

मग पडताळणी. कंपनीनं नेमलेल्या एजन्सीनं मागितलं: शिक्षणाचा शेवटचा कागद, नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, पीएफचा नंबर. बारावीची गुणपत्रिका दिली, तिला कोणी हरकत घेतली नाही. बाकी माझ्याकडे काहीच नव्हतं. आम्ही दुकानात सहा जण. वीस माणसांखालच्या आस्थापनेला पीएफ सहसा लागतच नाही. नेमणूकपत्र कुणी कुणाला दिलं होतं! आठ वर्षं राबलो आणि कागदावर मी कुठंच नव्हतो.

२०१९ नंतरचा पगार बँकेच्या उताऱ्यानं सिद्ध झाला. त्याआधीच्या दोन वर्षांसाठी सीए साहेबांनी हौसेनं भरलेली रिटर्नं उपयोगी आली. २०१५ ते १७ मात्र गेलीच, म्हणजे ज्या काळात पट्टी बनवली तोच काळ. मालकांनी लेटरहेडवर पत्र दिलं. पण एजन्सीचा फोन गेला तेव्हा ते मायेनं बोलून गेले, "नोकर कसला, आमच्या घरचाच पोरगा आहे तो." झालं, अहवालात शेरा: नियोक्ता नातेवाईक असल्याची शक्यता. तो शेरा काढायला मालकांना पुन्हा पत्र द्यावं लागलं, आणि माझं रुजू होणं तीन आठवडे पुढं गेलं. त्या तीन आठवड्यांत आईनं किती देव पाण्यात घातले, मोजले नाहीत.

म्हणून पोरांना सांगतो ते एवढंच: दुकान कितीही छोटं असो, पगार खात्यावर घ्या, नेमणूकपत्र मागून घ्या, रिटर्न भरा. हे ऐकून त्यांचा चेहरा पडतो. त्यांना कोर्सचं नाव हवं असतं.

आणि पदवी नसल्याचं काही वाटत नाही, असंही नाही. माझ्यानंतर आलेला मुलगा माझ्या वरच्या ग्रेडला आहे, कारण त्या ग्रेडच्या अटीत पदवी लिहिलेली आहे. टीम लीडनं दोनदा मेल लिहिली, अट हलली नाही. अमेरिकेत नोकरीसाठी लागणाऱ्या एच-वन-बी व्हिसाला पदवी लागते. नसेल तर तीन वर्षांचा अनुभव कॉलेजच्या एका वर्षाबरोबर धरता येतो, म्हणजे चार वर्षांच्या पदवीला बारा वर्षं, तीही पुराव्यासकट. माझी ती दोन वर्षं इथंही आडवी येणार.

यंदा नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा बी.सी.ए.चा अर्ज भरलाय. बायकोनं बसवून भरून घेतला. विषयांची यादी अजून उघडून बघितलेली नाही. गणित असणारच.