दुकानाच्या पायरीवरचा उजेड

श्रावणात माझी भाची बेंगळुरूहून चार दिवसांसाठी आली. येताना तिनं कापडाच्या तुकड्यांची एक जुडी आणली होती. बोटभर लांबीचे तीसेक तुकडे एका कडीत ओवलेले. मेंदी, विटकरी, गडद मोरपंखी, शेंदरी, चॉकलेटी. जुडी माझ्यासमोर टेबलावर पसरून ती म्हणाली, "मावशे, मी डीप ऑटम आहे."

गोव्यात फोंड्याच्या वरच्या बाजारात आमचं मॅचिंग सेंटर आहे. लग्न होऊन आले त्या वर्षापासून मी काउंटरवर बसते, म्हणजे आता २६ वर्षं झाली. परकर, अस्तर, फॉल, रुबियाचे आणि टू बाय टूचे ब्लाऊजपीस. एका लाल रंगाचेच आमच्याकडे चौदा ठोक, म्हणजे कापडाचे ताके, आहेत आणि गिऱ्हाइकाला चौदाही वेगळे दिसतात. त्यामुळे अंगावर कुठला रंग घ्यावा, हा विषय कुणी काढला की मी हातातलं काम बाजूला ठेवते. तिचं सगळं ऐकून घेतलं. आपल्या कातडीचा रंग उबदार की थंड, गडद की फिकट आणि आपल्याला झगझगीत पेलतं की मंद, यावरून माणसाचा एक ऋतू ठरतो. वसंत, ग्रीष्म, शरद, शिशिर असे मूळचे चार, आणि प्रत्येकाचे पुढे तीन तीन पाडून बारा. आपल्या ऋतूतलेच रंग घालायचे, बाकीचे कपाटातून काढून टाकायचे.

काढून टाकायची पिशवीसुद्धा ती घेऊन आली होती. अकरा कुर्ते-टॉप, आणि तळाशी माझ्या आईनं तिला दिलेली अबोली साडी.

त्या साडीवरून मी आधी दुखावले, हे कबूल करते. आई जाऊन तीन वर्षं झाली. तिच्या अंबाड्यात अबोलीचा वळेसर नाही असा सणवार मला आठवत नाही, आणि नातीला साडी घेतानाही तिनं तोच रंग शोधून घेतला होता. "ही माझ्या पॅलेटमध्ये बसत नाही गो. उबदार आहे, पण फार फिकट," भाची म्हणाली. तिच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता. पैसे भरून, दोन तास आरशासमोर बसून शिकून आली होती आणि शिकलेलं पाळत होती.

मी तिला दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात बोलावलं.

पावसाची उघडीप होती, ढग होते, ऊन नव्हतं. असा उजेड रंग बघायला सगळ्यात चांगला. दुकानाच्या पायरीवर स्टूल ठेवून तिला बसवलं, तोंड स्वच्छ धुवायला लावलं, काजळ पुसायला लावलं. अंगातला कुर्ता झाकायला खांद्यांवरून राखाडी अस्तर गुंडाळलं. मग एकेक ठोक काढून गळ्याखाली धरत गेले. चुन्यासारखा पांढरा धरला तर डोळ्यांखालची काळी वर्तुळं एकदम पुढे आली. मोतिया धरला तर ती मागे सरली. पिस्त्यानं चेहरा कावीळ झाल्यासारखा पिवळट दिसू लागला. राणी रंग वाईट नव्हता, पण आधी कापड दिसत होतं आणि मग ती. मेंदी धरला, आणि शेजारच्या फुलवालीनं पुड्या बांधता बांधता मान वर केली. आमसुली धरला तेव्हा ती उठूनच आली. "बरें सोबता गो तुका!" मलाही तेच दिसत होतं. कापड नजरेआड झालं होतं आणि भाचीचे डोळे दिसत होते. आमसुली म्हणजे वाळलेल्या कोकमाच्या सोलाचा रंग, तांबूस काळा. तिच्या जुडीत त्याच्या अगदी जवळचा एक तुकडा होता.

तेव्हा ही पद्धत थोतांड आहे, असं मी म्हणणार नाही. रंगाशेजारी रंग ठेवला की दोन्ही बदलतात, हे आमच्या धंद्यात रोज दिसतं. बाई साडी घेऊन येते, काठाशी लावून वाइन रंगाचा पीस निवडते, आणि दोन दिवसांनी परत येऊन म्हणते की तुम्ही दिलेला पीस तपकिरी निघाला. पीस तोच असतो. घरी तिनं तो लालभडक पदरावर ठेवलेला असतो. पॅरिसला गोब्लँ म्हणून गालिचे विणण्याचा सरकारी कारखाना आहे, तिथल्या रंगखात्यावर १८२४ साली शेव्रुल नावाचा रसायनशास्त्रज्ञ नेमला गेला. त्याच्याकडे तक्रार आली की काळा रंग पुरेसा काळा येत नाही. त्यानं रंग तपासला, तर त्यात काही खोट नव्हती. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे काळा फिका पडत होता. त्यावर त्यानं १८३९ साली मोठा ग्रंथ लिहिला. चेहऱ्याचंही तसंच आहे. गळ्याशी जे कापड येतं, ते चेहऱ्याच्या रंगाचं शेजारी असतं.

ऋतूंची ही कल्पना मात्र बरीच नंतरची. योहान्नेस इटन हा जर्मनीतल्या बाउहाउस कलाशाळेत शिकवलेला स्विस चित्रकार. मुलांनी आपल्या मनानं निवडलेले रंग त्यांच्या केसांशी, कातडीशी जुळणारे असतात, असं त्याच्या लक्षात आलं. पुढे अमेरिकेत इतरांनी त्याला कपड्यांची जोड दिली आणि १९८० साली कॅरोल जॅक्सन यांच्या पुस्तकानं चार ऋतू तिकडे घरोघर पोचवले. आता कोरियात लोक तासभर बसून हे करून घेतात आणि त्याचे व्हिडिओ आपल्या मुली बघतात.

त्या जुन्या चार खणांत आपल्याला जागा केवढी होती? सोनेरी केस, तांबूस केस, निळे डोळे, घारे डोळे यांच्यात फरक करायला ते खण आखलेले. आशियाई आणि आफ्रिकी वंशाच्या बहुतेकांना त्यात सरसकट ‘विंटर’मध्ये टाकलं होतं. माझ्या काउंटरवर एका सकाळी गव्हाळ, निमगोरी, सावळी, तांबूस सावळी, काळीभोर अशा दहा बायका येतात. सगळ्यांचे केस काळे, डोळे काळे, आणि दहाजणींना दहा वेगळे रंग शोभतात. बारा भाग केल्यावर गोष्ट सुधारली, हे खरं. पण पाया तोच आहे, आणि तो आपल्या अंगणात बसून आखलेला नाही.

आता जे सांगायचं म्हणून मी लिहायला बसले ते सांगते.

मी सावळी आहे. सातवीत शाळेच्या स्नेहसंमेलनात आमचा फुगडीचा कार्यक्रम होता. पोलकी सगळ्यांची गुलबक्षी. बाईंनी मला मागच्या ओळीत उभं केलं आणि आईला सांगितलं, "तिच्या अंगावर हा रंग उठत नाही." त्यानंतर लग्न होईपर्यंत मी बिस्किटी, बदामी आणि फिकट निळा सोडून काही घातलं नाही. आजही माझ्या काउंटरवर आया येतात, लेक शेजारी उभी असते, आणि तिच्या देखत म्हणतात, "हिचा रंग दबलेला, काहीतरी फिकटच दाखवा." मुलगी मान खाली घालते. तिचा हात मात्र डाळिंबीच्या ठोकावर असतो.

मी अशा मुलींना पायरीवर नेते. डाळिंबी धरते, मग आई म्हणते तो फिकट बदामी धरते, आणि आईलाच विचारते. बदामीत मुलगी आजारी दिसते, डाळिंबीत तिचा चेहरा भरून येतो. गडद कातडीला गडद, भरीव रंग पेलतो, हे त्या बारा ऋतूंतही लिहिलेलं आहे. भाचीला तिथं कुणी ‘फिकट घाल’ असं सांगितलं नाही, उलट फिकट सोडायला सांगितलं. यासाठी मी त्या पद्धतीची ऋणी आहे. शेतात लावणी करणाऱ्या कुणबी बायकांची लाल चौकड्यांची कापडं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. उन्हात रापलेल्या कातडीवर तो लाल काय दिसतो! गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडल रॉड्रिक्स यांनी तीच कापडं पुन्हा लोकांच्या नजरेत आणली तेव्हा शहरातल्या बायका ती मागायला लागल्या. त्याआधी त्यांतल्याच कित्येकींनी माझ्याकडे ‘लाल नको, भडक दिसतो’ म्हणून ठोक परत केले होते.

पण ‘अमुक रंग घाला, उजळ दिसाल’ अशा शब्दांत जिथं हे विकलं जातं, तिथं माझा ठाम विरोध आहे. आपला रंग आहे तो आहे. कापडानं तो ताजा दिसावा, निरोगी दिसावा. गोरा दिसावा यासाठी माझ्या दुकानात एकही ठोक उघडला जाणार नाही.

आणि फोटोवरून ऋतू सांगणाऱ्यांपासून सांभाळा. भाची गेल्यावर मीही उत्सुकतेनं फोटो पाठवला, पैसे भरले. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोवर ‘सॉफ्ट समर’ उत्तर आलं, आणि त्याच आठवड्यात अंगणात काढलेल्या फोटोवर ‘वॉर्म ऑटम’. एक थंड, एक उबदार. फोनचा कॅमेरा आपल्या मनानं पांढरा रंग जुळवून घेतो, भिंत पिवळी असली तर चेहरा निळसर करतो. म्हणून तर आम्ही बायकांना सांगतो की साडी दाराशी नेऊन बघा. ट्यूबखाली जुळलेले दोन धागे उजेडात वेगळे पडतात, हे बाजारहाट करणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं.

उजेडही आपल्याकडे बारा महिने एक नसतो. आषाढातल्या करड्या दुपारी मंद रंग विझून जातात, त्यातल्या त्यात राखाडी तर दिसतच नाही. एप्रिलमध्ये म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात उन्हाखाली फिकट गुलाबी पांढरा होऊन जातो. मे महिना सरला की माझे हात आणि गळा दोन छटांनी काळे होतात. अंतर्छटा, म्हणजे कातडीचा मुळातला उबदार-थंडपणा, बदलत नाही असं म्हणतात, ते मान्य. पण गडदपणा बदलतो, केस पिकतात. तिशीत मला संक्रांतीची काळी चंद्रकळा जशी दिसायची तशी ती आज ५१व्या वर्षी दिसत नाही, गालावरच्या रेघा ओढून काढते. मी ती तरीही नेसते, कारण संक्रांत आहे.

ही मोकळीक मला सोडायची नाही. आता नवरात्र येईल. अंत्रुज महालातल्या, म्हणजे आमच्या फोंडा भागातल्या, देवळांत देवाला मखरात बसवून झुलवायचा मखरोत्सव, कीर्तनं, आणि बायका त्या त्या दिवसाच्या रंगात. सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी निळा, गुरुवारी पिवळा. शनिवारी राखाडी आला की शुक्रवारी संध्याकाळी माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. कुणालाच सगळे रंग शोभत नाहीत आणि सगळ्याजणी सगळे नेसतात. माझ्या मते रंग शिकायला याहून चांगली शाळा नाही. तीच बाई, तेच अंगण, नऊ दिवस नऊ रंग. बघत राहा. गेल्या वर्षी आमच्या शेजारीण वहिनी गुरुवारी पिवळ्यात कोमेजलेल्या दिसल्या आणि हिरव्याच्या दिवशी त्यांच्याकडे दोघी-तिघींनी वळून पाहिलं. त्यांनी नंतर स्वतःहून बाटलीहिरवा पीस नेला.

सोन्याचंही तसंच. थंड रंगाच्या माणसानं चांदी घालावी, सोनं टाळावं, असा त्यांचा नियम आहे. मंगळसूत्र, पाटल्या, कुड्या सोन्याच्या असणाऱ्या बाईला तो सांगून उपयोग नाही, आणि सांगूही नये.

राहता राहिली फॅशन. ती आमच्याकडे रंगाच्या रूपानंच येते. रंगांचे नमुने ठरवणाऱ्या पँटोन कंपनीनं ‘पीच फझ’ हा २०२४ या वर्षाचा रंग म्हणून जाहीर केला आणि बाजारात सगळीकडे पीच दिसू लागला. आपल्या अबोलीचाच तो फिकट भाऊ. लग्नांत तेव्हापासून पीच, पिस्ता, लॅव्हेंडर चालू आहे. बऱ्याच जणींना तो दबवतो. म्हणून नेसू नये का? नेसावा, पण गळ्याशी काय येतं ते बघावं. आपल्या साडीत ही सोय आहे. चेहऱ्याला लागून असतो तो ब्लाऊज आणि खांद्यावरचा पदर, बाकीची साडी खाली असते. सगळं एका रंगाचं घ्यायची टूम आली तेव्हापासून आपण ही सोय विसरलो. माझ्या आईच्या काळात हिरव्या साडीवर मरून पोलकं असायचं. कुर्त्याला ओढणी आहे, शर्टाला कॉलर आहे. फॅशनचा रंग पायघोळात घ्या, स्कर्टात घ्या, काठात घ्या. गळ्याशी स्वतःचा ठेवा.

भाचीची पिशवी मी पुन्हा उघडली. पिस्ता टॉप आणि आणखी चार गेले ते गेलेच, तेही घालून ती कधी खूश नव्हती. बाकीचे तिनं परत कपाटात लावले.

अबोली साडी मी तिच्या खांद्यावर टाकली आणि गळ्याशी आमसुली पीस खोचला. ती आरशात बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "आजीनं ब्लाऊज कुठल्या रंगाचा दिला होता गो?" साडीतलाच होता, अबोली. दोन वर्षं घडीत पडून त्याला कसर लागली होती.

तुळशीच्या लग्नानंतर तिच्या चुलतभावाचं लग्न आहे. आमसुली रुबिया काल कापून ठेवला, आतून सुती अस्तर. बाही कोपरापर्यंत ठेवायची की वर, एवढं तिनं अजून कळवलेलं नाही.