रोडकिंगचं पासिंग : गाडी पास, आकडा नापास

जुन्या गाडीचं पासिंग म्हटलं की लोक ब्रेक, धूर आणि हॉर्नची काळजी करतात. माझ्या येझदी मोटरसायकलीत या तिन्ही गोष्टी आरटीओच्या साहेबांनी हां हां म्हणता मंजूर केल्या आणि फाइल अडकली ती फ्रेमवर कोरलेल्या चेसिस नंबरातल्या एका आकड्यावर. आरटीओ कार्यालयातल्याच कुणीतरी माझ्या जुन्या नोंदणी पुस्तकावरून संगणकात नोंद करताना 8 चा 3 केला होता. चूक त्यांची, पण ती निस्तरायला पळावं लागलं मला. राग अजून गेलेला नाही, म्हणून सगळं लिहून काढतोय. जुनी गाडी सांभाळणाऱ्या कुणाला तरी उपयोग होईल.

गाडी 1990 ची, रोडकिंग. पहिल्या नोकरीत पैसे साठवून घेतली, तेव्हापासून मीच मालक. म्हैसूरचा कारखाना 1996 मध्ये बंद पडला, पण माझी गाडी कधी बंद पडू दिली नाही. आजही नागपुरात बर्डीला, अंबाझरीला तीच नेतो. खाजगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा 15 वर्षांची असते, नंतर दर 5 वर्षांनी नूतनीकरण. माझी मुदत 2025 च्या डिसेंबरअखेर संपत होती. मुदत संपायच्या आधी 60 दिवसांपासून अर्ज करता येतो, त्याला फॉर्म 25 म्हणतात. मी दिवाळी आटोपताच भरला. ऑगस्ट 2025 पासून 20 वर्षांवरच्या दुचाकीला नूतनीकरणाचं शुल्क 2000 रुपये झालंय, शिवाय पर्यावरण कर वेगळा. हे सगळं ऑनलाइन विनातक्रार झालं.

तपासणीच्या आधी गाडी मिस्त्रीकडे नेली आणि दिवसभर तिथंच बसलो. येझदीत नेहमी सापडणारे दोष आम्ही एकेक करून पाहिले. मागच्या ब्रेकचा स्टॉपलाइट स्विच हा पहिला. पायडल दाबलं की दिवा लागतो, सोडलं की विझत नाही, किंवा लागतच नाही. चिखल-पाण्यानं त्याची स्प्रिंग गंजते. माझ्या गाडीत स्विच ठीक होता, पण मडगार्डखालून जाणारी वायर तडकली होती. दुसरा दोष हेडलाइटच्या रिफ्लेक्टरचा. बल्ब नवा टाकूनही उजेड पिवळट पडत असेल तर रिफ्लेक्टरची चकाकी गेली समजा. इतवारीपासून सदरपर्यंत विचारत फिरलो, शेवटी एका जुन्या दुकानात माळ्यावरून त्यांनी एक काढून दिला. तिसरा कोनसेट, म्हणजे हँडलच्या मानेतलं बेअरिंग. गाडी मेन स्टँडवर उभी करायची, पुढचं चाक उचलायचं आणि फोर्क खालून धरून मागे-पुढे हलवायचा. खटखट जाणवली तर तपासणारा ब्रेक मारताच ओळखतो. पुढच्या ब्रेकची केबल तर न विचारता बदला. टोकाची एकेक तार तुटत असते आणि ती आवरणात लपलेली असते.

धुराचं जरा जास्त सांगतो, कारण टू-स्ट्रोकवाल्यांना पीयूसीची, म्हणजे धुराच्या तपासणीची, फार धास्ती. मार्च 2000 पर्यंत बनलेल्या दुचाकींना धुरातला कार्बन मोनॉक्साइड (सीओ) 4.5 टक्के आणि न जळालेलं इंधन (एचसी) 9000 पीपीएमपर्यंत चालतं. चांगल्या स्थितीतली येझदी यात आरामात बसते. सिलिंडर एक असला तरी सायलेन्सर दोन आहेत, दोन्हींतले बॅफल (आतल्या जाळीच्या नळ्या) काढून कार्बन साफ करा. ऑइल लिटरला 30-40 मिलीच्या वर टाकू नका; जुने लोक अंदाजानं ओततात आणि मग मागे निळा धूर. गाडी थंड असताना पीयूसीला नेऊ नका. मी वर्धा रोडवर लांब चक्कर मारून तसाच केंद्रावर गेलो.

तपासणीच्या दिवशी साहेब तरुण होते, वागायला चांगले. गाडीभोवती फिरले आणि म्हणाले, "काकाजी, याची किक कुठं आहे?" मी गियरचा दांडा आत दाबून वर फिरवून दाखवला. एकाच दांड्यात गियर आणि किक दोन्ही हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. दुसऱ्या किकला इंजिन धरलं, तेव्हा आजूबाजूचे स्कूटीवालेसुद्धा वळून पाहायला लागले. मला अभिमान वाटला, वाटायलाच हवा. मैदानात गाडी चालवून दाखवली, ब्रेक मारून दाखवले, इंडिकेटर, हॉर्न, आरसे, मागचा रिफ्लेक्टर सगळं झालं. मग त्यांनी मोबाइलचा टॉर्च हँडलखाली फ्रेमच्या मानेवर धरला, नंबरावर कागद धरून पेन्सिलनं घासून काढलेली माझी प्रिंट हातात घेतली आणि स्क्रीनकडे पाहिलं.

"नंबर जुळून नाही राहिला, काकाजी."

फ्रेमवर शेवटून तिसरा आकडा 8. जुन्या पुस्तकात 8. माझ्या नोंदणीच्या कार्डावर आणि संगणकात 3. मागच्या नूतनीकरणात तपासणी आधी झाली होती आणि पुस्तकावरची माहिती संगणकात नंतर चढवली गेली. तिथंच घोळ झाला. साहेबांनी शेरा लिहिला, 'वाहन सुस्थितीत, चेसिस क्रमांक नोंदीशी जुळत नाही', आणि मला आत पाठवलं.

इथून पुढचा जो काळ गेला, त्याची मला खरी चीड आहे. पहिल्या टेबलावरच्या बाबूंनी पुस्तक उघडूनही पाहिलं नाही. म्हणाले, "फ्रेम बदलली असंन. पोलिसांचा दाखला आणा." एकाच मालकाची, एकाच शहरात पस्तीस वर्षं चाललेली गाडी, आणि मला जवळपास चोर ठरवलं. मी शांतपणे म्हटलं, "भाऊ, फ्रेम आणि पुस्तक दोन्ही सारखे आहेत. वेगळं फक्त तुमचं कॉम्प्युटर आहे." तर दुसऱ्या टेबलावर पाठवलं. तिथं कळलं, ज्यांच्या लॉगिनमधून जुन्या नोंदीची दुरुस्ती होते ते रजेवर. ते आले तेव्हा म्हणाले, पुस्तकातला 8 कुणी नंतर गिरवला नसेल कशावरून? मूळ नोंदवही पाहिल्याशिवाय मी हात लावणार नाही. मागणी योग्य होती, मला ती मान्य होती. पण नोंदवही होती कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये, आणि ती काढायला कुणीच उठेना. 1990 चे बस्ते (नोंदवह्यांचे गठ्ठे) खाली दबलेत, शिपाई नाही, मग डिसेंबर लागला तर, "विधिमंडळाचं अधिवेशन झाल्यावर या, आता माणसं तिकडं लागली आहेत."

इकडे मुदत जवळ येत होती. नूतनीकरणाला उशीर झाला तर दुचाकीला महिन्याला 300 रुपये जादा शुल्क लागतं. त्यांच्या चुकीपायी तेही माझ्याच खिशातून जाणार का, या विचारानं रात्री झोप येईना. (लागलं नाही. अर्ज आणि शुल्क मुदतीच्या आत भरलेलं होतं, म्हणून पावती जपून ठेवा आणि कधीही शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.)

एजंट तर रोज भेटत. एकानं सुचवलं, संगणकात 3 आहे ना, मग फ्रेमवरच 3 करून टाकू. हे कधीच, कुणाचंही ऐकून करू नका. चेसिस नंबरात फेरफार हा गुन्हा आहे आणि एकदा नंबरावर नव्यानं ठोकलं की खरी गाडी कायमची संशयास्पद होते. दुसरा म्हणाला, भंगारात द्या, 15 वर्षांवरच्या गाड्या बंदच होणार. पेट्रोल गाड्यांना 15 वर्षांची ती अट दिल्ली-एनसीआरची. आपल्याकडे गाडी तपासणीत पास झाली की नूतनीकरण मिळतं. तिसऱ्यानं व्हिंटेज नोंदणीचं सांगितलं. त्याला गाडी 50 वर्षांची लागते, आणि व्हीए मालिकेचा नंबर मिळाला की ती रोज रस्त्यावर चालवताच येत नाही. मला माझी येझदी चालवायची आहे.

शेवटी मार्ग निघाला तो माहिती अधिकारातून. 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज दिला. त्यात प्रश्न विचारत बसलो नाही. माझ्या वाहनाच्या मूळ नोंदीचं पान प्रत्यक्ष पाहायचं आहे आणि त्याची प्रमाणित प्रत हवी आहे, एवढंच लिहिलं. उत्तराला कायद्यानं 30 दिवस असतात. पण अर्जावर शिक्का बसताच खाली दबलेला बस्ता वर यायला लागला. मुदतीच्या पुष्कळ आधी मला बोलावणं आलं.

नोंदवही टेबलावर आडवी ठेवली तर टेबल पुरेना. लाल कापडात बांधलेली, कडांना वाळवी लागलेली, आत निळ्या शाईतलं वळणदार अक्षर. माझं नाव, तेव्हाचा महाल भागातला पत्ता, आणि पुढं चेसिस नंबर. 8 चे दोन्ही गोल सुटे सुटे, स्वच्छ. शेजारच्या रकान्यातल्या 3 शी ताडून पाहिलं, शंकेला जागाच नव्हती. त्या वेळच्या कारकुनाला मनापासून नमस्कार केला. दोन रुपयांत पानाची प्रत मिळाली, ती लॉगिनवाल्या साहेबांसमोर ठेवली. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि तिथल्या तिथं 3 चा 8 केला. इतकं सोपं काम होतं ते! माफीचा शब्द मात्र कुठल्याच टेबलावरून आला नाही.

माझ्याकडे 1990 चं मूळ बिल आणि विक्री प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म 21, होतं. त्यावरही 8 होता, त्यामुळे माझं म्हणणं भक्कम राहिलं. हे कागद कुणाच्या घरी असतील तर लॅमिनेशन न करता जपा; मूळ कागदाचा पोत पाहिला जातो.

नंबर दिसतच नसेल तर काय, हेही सांगायचं राहिलं. रंगाचे थर चढले असतील तर पेंट रिमूव्हर आणि कापसानं हळूहळू काढा. ग्राइंडर किंवा जाड सँडपेपर मारू नका. घासलेली जागा पाहिली की तपासणाऱ्याला खाडाखोडच वाटते. साफ झाल्यावर बोटानं थोडं तेल लावा, मग गंज धरत नाही. प्रिंट काढताना पातळ कागद आणि मऊ पेन्सिल घ्या, वरून पारदर्शक टेप लावा.

आणि अर्ज भरण्याआधी फ्रेम, पुस्तक आणि कार्ड शेजारी ठेवून नंबर एकेक अक्षर वाचा. जमल्यास नव्या नंबर प्लेटच्या बुकिंगला आधी बसा. तिथं चेसिसचे शेवटचे पाच आकडे विचारतात आणि संगणकाशी जुळले नाहीत तर पुढं जाऊच देत नाही. घरबसल्या, फुकटात घोळ कळतो. माझी प्लेट दुरुस्तीनंतर बुक झाली. इन्शुरन्सच्या पॉलिसीवरही तोच चुकीचा 3 आला होता, कारण पॉलिसीत नोंद संगणकावरूनच येते. कंपनीला प्रमाणित प्रत आणि नवं कार्ड पाठवून तीही दुरुस्त करून घेतली. नाहीतर उद्या अपघाताच्या दाव्यात त्यांनी हाच आकडा माझ्यापुढं केला असता.