भिजलेला तुकडा

माझ्या पर्सच्या तळाशी कायम बिस्किटांचा चुरा असतो. लेकाला आता मिसरूड फुटलंय, तरी बाहेर पडताना एक पुडा आत जातोच. आई पदराच्या टोकाला गूळ-शेंगदाणे बांधायची, त्यातलाच हा प्रकार. पर्स झटकताना मला हटकून सॅकाजाविया आठवते.

अमेरिकेतल्या शोशोनी जमातीची ही पोर. लहानपणी हिदात्सा या दुसऱ्या जमातीच्या लोकांनी मिसुरी नदीच्या उगमाजवळून तिला पळवून नेलं. पुढे शार्बोनो नावाच्या फ्रेंच-कॅनडियन व्यापाऱ्याने तिला बायको केली. पॅसिफिक महासागराकडे निघालेल्या लुईस आणि क्लार्क या अमेरिकी अधिकाऱ्यांच्या शोधमोहिमेच्या तुकडीबरोबर ती 7 एप्रिल 1805 रोजी निघाली, तेव्हा तिचं बाळ दोन महिन्यांचंही नव्हतं. पुतळ्यांमध्ये ती बोट दाखवत उभी असते. वाट तिने मोजक्याच ठिकाणी दाखवली. खरं काम दुभाष्याचं. घोड्यांच्या सौद्यासाठी शोशोनींच्या मुखियासमोर बसली, तर तो तिचा भाऊच निघाला! अंगावरची घोंगडी त्याच्यावर पांघरून ती रडली. आणि मग रडत रडतच दुभाष्याचं काम.

त्याच्या तीनच आठवडे आधी लुईसने डायरीत लिहिलं होतं, की पोटाला पुरेसं आणि अंगावर घालायला चार किरकोळ दागिने मिळाले की ही बाई कुठेही सुखात राहील. तेही तिला जिथून पळवलं त्या जागेजवळच बसून! लुईस मोठा निरीक्षक. झाडपाला, पक्षी, सगळं बारकाईने टिपायचा. इथे मात्र साफ चुकला.

कारण त्या दागिन्यांचं काय झालं? नोव्हेंबरात समुद्राकाठी एका माणसाच्या अंगावरचं समुद्री ऑटरच्या, म्हणजे पाणमांजराच्या, कातड्याचं देखणं वस्त्र दोघा साहेबांच्या मनात भरलं. तो निळ्या मण्यांशिवाय द्यायला तयार नव्हता. शेवटी सॅकाजावियाच्या कमरेचा मण्यांचा पट्टा गेला. तिला बदल्यात निळा कोट मिळाला.

आणि पोटाचं? दहाच दिवसांनी, 30 नोव्हेंबरला. पावसाळी दिवस. खाऱ्या पाण्यात शिजवलेली सुकी मासळी खाऊन माणसांची पोटं बिघडलेली. तेव्हा तिने क्लार्कला पिठाच्या भाकरीचा एक तुकडा दिला. बाळासाठी जपून ठेवलेला. भिजलेला, जरा आंबलेला. कित्येक महिन्यांत असा घास मिळाला नव्हता, तो फार समाधानाने खाल्ला, असं क्लार्क लिहितो.

तुकडा किती दिवस जपला होता, कुठे ठेवला होता, हे काही त्याने लिहिलेलं नाही. माझ्या आईच्या हे पहिलं लक्षात आलं असतं. आणि बाळाने मग काय खाल्लं, हेही तिने विचारलं असतं.