अकबराच्या दरबारात नातवाचा शीशमहाल

‘मुघल-ए-आझम’ पाहताना इतिहास विसरावा, असे म्हटले जाते. मला मात्र तो आठवत ठेवूनच हा चित्रपट पाहायला आवडतो. १९६० साली मुंबई सेंट्रलच्या मराठा मंदिरात झळकलेल्या या चित्रपटाची नायिका अनारकली, अकबराचा दरबारी इतिहासकार अबुल फजल याच्या ‘अकबरनाम्या’त कोठेही सापडत नाही. जोधाबाई हे नाव अकबराचा मुलगा सलीम, म्हणजे पुढचा जहांगीर, याच्या जोधपुरी राणीला जोडले जाते, म्हणजे पडद्यावर सुनेचे नाव सासूला मिळाले आहे. पण पती आणि पुत्र यांच्यामध्ये कोंडलेली जोधाबाई साकारणाऱ्या दुर्गा खोटे यांनी तोंड उघडले की हा आक्षेप मनातल्या मनात विरून जातो.

सर्वांत लोभस चूक शीशमहालाची आहे. अंधेरीच्या मोहन स्टुडिओत उभारलेल्या त्या दालनाची प्रेरणा लाहोरच्या किल्ल्यातील शीशमहालाची होती आणि तो बांधला गेला शहाजहानच्या काळात, १६३१-३२च्या सुमारास. अकबर १६०५ मध्येच वारला असल्यामुळे चित्रपटातील बादशहा चक्क नातवाच्या महालात बसून नर्तकीवर संतापतो! तरीही, कृष्णधवल चित्रपट ‘प्यार किया तो डरना क्या’ या गाण्यापाशी अकस्मात रंगीत होतो आणि छतावरच्या असंख्य आरशांत अनारकली गिरक्या घेऊ लागते, तेव्हा सनावळीची आठवण त्या वैभवाची लज्जत वाढवते. २००४ मध्ये चित्रपट आरंभापासून रंगवला गेला, त्यात नेमका हाच धक्का हरवला, असे माझे मत आहे.

खऱ्या सलीमने बंड केले ते तख्तासाठी. तेव्हा तो तिशीला पोहोचलेला, अनेक राण्यांचा पती आणि मुलाबाळांचा बाप होता. पुढे १६०२ मध्ये त्याने अबुल फजलचा खून करवला. ही कथा अधिक भीषण आणि कदाचित अधिक नाट्यमय झाली असती, पण तिच्यात लताबाईंच्या गाण्यांना जागा कोठून मिळणार?

हे औदार्य मला सर्वत्र साधत नाही. पेशव्यांवरील चित्रपटात काशीबाई आणि मस्तानी एकत्र पिंगा घालताना दिसल्या, तेव्हा दादरच्या आमच्या घरात जेवणाच्या ताटांवर वाद पेटला होता आणि त्यात माझा आवाज सर्वांत चढा होता. आग्र्याच्या बादशहाला सहज दिलेली सवलत पुण्याच्या पेशव्यांना देताना माझा हात आखडतो. आई तर सख्ख्या मावशीचा अपमान झाल्यासारखी काशीबाईंची बाजू मांडत होती.