दगडावर कलम लिहायचं की नाही

नाझींच्या काळात समलिंगी म्हणून मारल्या गेलेल्या माणसाची माहिती काढायची, तर जावं लागतं ते पोलिसांच्याच कागदांकडे. अशा माणसांच्या पत्रांचे गठ्ठे कुणी जपले नाहीत, आणि ज्यांच्याकडे होते त्यांनी ते भीतीपोटी जाळले. बर्लिनमध्ये नोकरीसाठी आलो, इथल्या एका स्थानिक गटात सामील झालो आणि शेनेबर्ग भागातल्या एका शिंप्यासाठी स्मृतिदगड बसवण्याच्या कामाला लागलो, तेव्हा पहिली अडचण हीच होती. (त्यांचं नाव दगडावर आहे. इंटरनेटवर नको, असं घरच्यांनी सांगितलंय, म्हणून इथे देत नाही.)

हे दगड म्हणजे श्टोल्परश्टाइन. बळी गेलेला माणूस जिथे शेवटचा आपल्या मर्जीने राहिला, त्या दारासमोर फुटपाथवर दहा बाय दहा सेंटिमीटरचा पितळी पत्रा जडवलेला ठोकळा बसवतात. गुंटर डेमनिग या कलावंताने १९९२ मध्ये हे काम सुरू केलं, आणि आता युरोपभर एक लाखाहून जास्त दगड झाले आहेत. त्यात समलिंगी पुरुषांचे फार थोडे.

बर्लिनच्या राज्य अभिलेखागारात सरकारी वकिलांच्या जुन्या फायली आहेत. कशासाठी बघायची ते लिहून अर्ज दिला, वाट पाहिली, आणि फाइल समोर आली. कलम १७५: पुरुषांमधले समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं जर्मन कलम. हे कलम १८७१ पासूनचं, पण १९३५ मध्ये नाझींनी त्याची व्याप्ती इतकी वाढवली की शरीरसंबंध सिद्ध करायचीही गरज उरली नाही. नुसता स्पर्श, कधी कधी नुसती नजरही पुरे. त्या राजवटीत सुमारे ५०,००० जणांना शिक्षा झाल्या आणि हजारोंना समलिंगी कैद्याची खूण म्हणून कपड्यावर गुलाबी त्रिकोण लावून छळछावण्यांत डांबलं.

फाइलमध्ये टंकलेला जबाब होता. प्रत्येक पानाखाली शिंप्याची सही. पहिल्या दिवशीच्या पानांवर ती ठसठशीत, शेवटच्या अक्षराला झोकदार शेपूट. पुढच्या जबाबात शेपूट गेलं, आणि शेवटच्या पानावर तर अक्षरं ओळीखाली घसरली होती. मजकुरात सगळं ‘कबूल’ केलेलं. त्यातलं एक वाक्यही त्यांचं म्हणून छापायचं नाही, असं आम्ही ठरवलं. चौकशी करणाऱ्याने वदवून घेतलेले शब्द त्यांच्या तोंडी पुन्हा कशाला घालायचे? घेतलं ते एवढंच: पत्ता, धंदा, अटकेची तारीख, शिक्षा.

तुरुंगवास संपल्यावर सुटका नाही, थेट साक्सनहाउझेन, बर्लिनजवळची छळछावणी. छावणी सोडताना एसएसवाल्यांनी (छावण्या चालवणारं नाझी दल) तिथली बरीच कागदपत्रं नष्ट केली, तरी नाझींच्या बळींची कागदपत्रं जपणाऱ्या आरोल्सनच्या अभिलेखागारातून कैद्यांच्या नोंदीचं एक पान मिळालं. मृत्यू १९४२ च्या उन्हाळ्यातला, विटांच्या कारखान्यावरच्या तुकडीत. त्याच उन्हाळ्यात तिथे सुमारे २०० समलिंगी कैदी ठरवून मारले गेले. नोंदीत लिहिलं होतं, ‘पळून जाताना गोळी’. आम्ही दगडावर लिहायला दिलं, ‘हत्या’.

मग नातेवाईक. एका आजींचा पत्ता लागला. शिंपी त्यांच्या आईचे मामा. चहा ओतता ओतता त्या म्हणाल्या, “आई एवढंच सांगायची, मामा लढाईत गेला.” दगडाला त्यांची ना नव्हती, पण कलम नको होतं. “लोक वाचतील ना.” मला त्यांचा राग आला नाही. पश्चिम जर्मनीने नाझींनी कडक केलेलं ते कलम १९६९ पर्यंत जसंच्या तसं चालवलं, आणखी सुमारे ५०,००० जणांना शिक्षा केल्या, छावणीतून वाचलेल्यांना भरपाई नाकारली. कलम पुरतं गेलं १९९४ ला. नाझी काळातल्या शिक्षा रद्द व्हायला २००२ उजाडलं. अशा देशात घरच्यांनी तोंड उघडायचं तरी कधी?

तरीही कलम हवंच, असं मी म्हणत राहिलो. ११ डिसेंबर २०१३ ला भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं कलम ३७७ पुन्हा लागू केलं तेव्हा मी पुण्यात होतो. एका निकालाने आपण रात्रीत गुन्हेगार होतो म्हणजे काय, ते मला ऐकीव नाही. २०१८ पर्यंत ते तसंच होतं. आजींना हे सांगितलं. त्यांनी ३७७ बद्दल बरंच विचारलं, माझ्या आईला माहीत आहे का तेही विचारलं. काही आठवड्यांनी त्यांचं पत्र आलं: कलम लिहा, आणि ‘शिंपी’ हेही लिहा, मामा कोट फार सुंदर शिवायचा असं आई म्हणायची. पत्र्यावर जागा मोजकी, अक्षरं हाताने ठोकतात. ‘शिंपी’ काही बसलं नाही. ते आम्ही दगड बसवायच्या दिवशी वाचून दाखवलं. आजी खुर्चीवर बसून होत्या, शेजारची दोन शाळकरी मुलं कलम १७५ म्हणजे काय ते विचारत होती, आणि उत्तर आजींनीच दिलं.

त्याच फाइलमध्ये दुसऱ्या आरोपीचं नाव आहे, एक वेटर. तो १९४५ नंतर जिवंत होता, एवढं आता कळलंय. युद्धानंतरही त्याच्यावर याच कलमाखाली खटला झाला का, ते शोधण्यासाठी आम्ही नवा अर्ज दिला आहे.