आमची वाटचाल : लिंबाच्या सालीचा धंदा

केकला लिंबाचा खरा वास सालीतून येतो, रसातून नाही, आमचा सगळा धंदा याच एका गोष्टीवर उभा आहे. रसाने आंबटपणा येतो, तो सोड्याशी रिअ‍ॅक्ट होतो आणि रेसिपीचं गणित बदलतं, वास मात्र फारसा उरत नाही. सालीच्या वरच्या पातळ थरात तेलाचे बारीक बारीक ठिपके असतात, लिमोनीन, सिट्रल ही वासाची द्रव्यं सगळी त्यातच.

मी आणि माझी जाऊ, दोघी घरून केकच्या ऑर्डरी घ्यायचो. लेमन केक दिला की गिऱ्हाईक हमखास विचारायचं, ताई, इसेन्समध्ये अल्कोहोल नाही ना, सासूबाई खाणार आहेत. प्रश्न रास्तच, कारण लिंबाचं तेल पाण्यात विरघळत नाही, म्हणून लेमन एक्स्ट्रॅक्ट बहुतेक अल्कोहोलमध्येच करतात. आम्ही ठरवलं, आपण सूर्यफूल तेलात करायचं.

लिंबं मार्केट यार्डातून गोणीने आणतो, नगर-सोलापूरकडची कागदी. साल पातळ, त्यामुळे किसणी अगदी हलक्या हाताने फिरवावी लागते, पांढरा भाग आला की कडू झालंच म्हणून समजा. किस सावलीत कडकडीत वाळवूनच तेलात घालतो, आणि हे घरी करणाऱ्यांनाही कळकळीने सांगते, ओली साल तेलात बुडवून बाहेर ठेवू नका, बोटुलिझमचा, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या विषबाधेचा धोका असतो. नंतर गाळून ब्राऊन बाटल्यांत भरतो, उजेड आणि हवा लागली की टर्पेंटाइनसारखा वास मारायला लागतो. साल काढलेली लिंबं लवकर सुकतात, म्हणून ती त्याच दिवशी सरबतवाल्या काकांकडे जातात. उन्हाळ्यात लिंबू महागतं तेव्हा या सोयीनेच आम्ही तगतो, नाहीतर भाव परवडलाच नसता.

बाटल्या रविवार पेठेतून, एफएसएसएआयचा नंबर लेबलवर, आणि आता ओळखीच्या होम बेकर्स आमचंच वापरतात. त्यांना सांगणं एकच, बटर आणि साखर फेटतानाच घाला, फॅटमध्ये वास नीट धरून राहतो. मेरँगला, म्हणजे अंड्याचा पांढरा बलक साखरेबरोबर फेटून करतात त्याला, मात्र आमचं इसेन्स देत नाही, तेलाने बलक फुलतच नाही. तिथे ताजी साल साखरेत बोटांनी चोळून घ्यायची, साखर ओलसर होऊन सुगंध सुटतो. अशी वाळवलेली लिंबूसाखर पाकिटात देता येईल का, सध्या दोघी त्याच्याच मागे लागलोय.